मृतांचा आकडा: मोजावा कसा, वाचावा कसा, लिहावा कसा

दरड कोसळली, बोट बुडाली, पूल वाहून गेला, की फोनवर पहिला प्रश्न एकच येतो: "किती गेले?" तालुक्याच्या गावी बातमीदारी करताना हा प्रश्न मला मुंबईच्या चाकरमान्यांनी विचारला आहे, वृत्तपत्राच्या कचेरीतून विचारला गेला आहे, आणि ज्याच्या घरचे माणूस मिळत नव्हते त्यानेही विचारला आहे. या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो, तो मृतांचा आकडा. शब्द साधा आहे. पण त्यात कोणाला धरायचे आणि कुठवर धरायचे याचा घोळ झाला, तर एखाद्या घराची मदत अडते, नाहीतर जिवंत माणसाच्या नावाने गावात रडारड सुरू होते. म्हणून हा लेख ज्यांच्या हातून आकडा बाहेर पडतो त्यांच्यासाठी आहे: सरपंच, पोलीस पाटील, वार्ताहर, शाळेतले गुरुजी, मदतीला धावणारी मंडळाची पोरे आणि गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणारे.

आधी शब्द नीट धरा

मृतांचा आकडा म्हणजे एका आपत्तीमुळे, एका ठरलेल्या भागात, एका ठरलेल्या वेळेपर्यंत मरण पावल्याची खात्री झालेल्या माणसांची संख्या. या व्याख्येतला एकही तुकडा गाळता येत नाही. ‘27 मृत’ एवढेच लिहिले तर ते अर्धे वाक्य झाले. कुठल्या घटनेत, कुठल्या गावात की अख्ख्या जिल्ह्यात, आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत, हे सोबत आले की मगच तो आकडा होतो.

इंग्रजी बातम्यांत यालाच ‘डेथ टोल’ म्हणतात. महामार्गाच्या नाक्यावर आपण भरतो तोच हा टोल. आपत्तीने वसूल केलेली किंमत असा त्या शब्दाचा भाव. आपल्याकडचा ‘बळी’ त्याच्या जवळ जातो, पण बळी म्हटले की घेणारा कोणीतरी लागतो. ‘पावसाने 5 बळी घेतले’ हे वाक्य सहज लिहिले जाते. पण धरण फुटून माणसे गेली असतील, जुना पूल पडून गेली असतील, तर पावसाला कर्ता करण्याआधी थांबा. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालच्या वाडीतली माणसे झोपेत वाहून गेली. त्यांना ‘पावसाचे बळी’ म्हणणे म्हणजे चौकशीआधीच निकाल देणे आहे. ‘मृत’ हा शब्द कोणावर ठपका ठेवत नाही आणि कोणाला सोडवतही नाही. पहिल्या दिवसांत मी तोच वापरतो.

आजूबाजूचे शब्दही पाहून घ्या, कारण घोळ इथेच होतो. ‘जीवितहानी’ झाली की नाही एवढेच तो शब्द सांगतो, संख्या सांगत नाही. ‘हताहत’ म्हणजे हत आणि आहत, म्हणजे मेलेले आणि जखमी मिळून. ‘40 हताहत’ वाचून चाळीस मेले असे समजणारे मी पत्रकारांतही पाहिले आहेत. हा शब्द टाळाच, मृत आणि जखमी वेगळे लिहा. ‘मृत्युदर’ म्हणजे प्रमाण, लाखामागे किती वगैरे. आकडा वाढला तर ‘मृत्युदर वाढला’ लिहू नये. ‘दगावणे’ आपण उपचार चालू असताना झालेल्या मृत्यूला म्हणतो, गुराढोरांनाही म्हणतो. ‘जखमींपैकी दोघे रुग्णालयात दगावले’ हे कानाला बरोबर लागते. ‘दरडीखाली बारा जण दगावले’ मला खटकते.

वहीत चार रकाने पाडा

आता प्रत्यक्ष मोजणी. घटनास्थळी पोहोचलात की वहीच्या पानावर उभे चार रकाने पाडा: सापडलेले मृतदेह, रुग्णालयात मरण पावलेले, बेपत्ता, आणि सुखरूप. मृतांचा आकडा म्हणजे पहिल्या दोन रकान्यांची बेरीज. तिसरा रकाना त्यात कधीही मिसळायचा नाही. चौथा रकाना लोक विसरतात, पण ताळा त्याच्यावरच जमतो.

इर्शाळवाडीचे उदाहरण घ्या. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकरवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर आला. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर चढेनात, बचावपथके कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत होती. 23 जुलैला शोधकार्य थांबवले तेव्हा 27 मृतदेह सापडले होते आणि 57 जण बेपत्ता होते. वाडीची लोकसंख्या 228 धरलेली होती. म्हणजे सुखरूप 144 भरायला हवेत. हा ताळा जमला तरच तीनही आकडे विश्वासाचे. सुखरूप माणसे नावानिशी मोजून 144 ऐवजी 150 निघाली, तर बेपत्तांच्या यादीत सहा नावे चुकीची आहेत, किंवा मुळातली लोकसंख्याच चुकली आहे, हे लगेच कळते.

आणि इर्शाळवाडीत किती गेले? काही ठिकाणी 27 सांगतात, काही ठिकाणी 84. दोन्ही बरोबर असू शकतात. पहिला आकडा हाती लागलेल्या मृतदेहांचा, दुसऱ्यात बेपत्ता मिळवलेले. चूक तेव्हा होते जेव्हा 84 लिहिताना ‘बेपत्तांसह’ हा शब्द गळतो.

आंतरराष्ट्रीय नोंदींतही हे दोन प्रकार आहेत. 2015 साली जपानमधल्या सेंडाई शहरात संयुक्त राष्ट्रांचा आपत्तीजोखीम कमी करण्याचा आराखडा ठरला, त्यातले पहिलेच उद्दिष्ट मृत्यू कमी करण्याचे आहे. तिथे मृत आणि बेपत्ता आधी वेगवेगळे मोजतात आणि मग लोकसंख्येच्या लाखामागे एकत्र धरतात. बेल्जियममधून चालणारी ‘ईएम-डॅट’ ही जागतिक नोंद तर एकूण मृतांत बेपत्तांनाही धरते. म्हणून परदेशी यादीतला आकडा आपल्या जिल्ह्याच्या आकड्यापेक्षा मोठा दिसला, की लगेच ‘सरकारने लपवले’ असे म्हणू नका. आधी व्याख्या पाहा.

नावे मोजा, डोकी नव्हे

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नावाशिवाय आलेला कोणताही आकडा मी वहीत लिहीत नाही, आणि हे मी एका चुकीतून शिकलो.

एका पावसाळ्यात घाटाखालच्या एका वाडीत दरड आली. शाळेच्या व्हरांड्यात बसून मी बेपत्तांची नावे उतरवत होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी आपल्या मुलीचे नाव सांगितले, माहेरचे. थोड्या वेळाने तिचा दीर आला, त्याने वहिनीचे नाव सांगितले, सासरचे. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत. नाव वेगळे, आडनाव वेगळे, मधले नाव बापाच्या जागी नवऱ्याचे. माझ्या वहीत एका बाईच्या दोन बायका झाल्या आणि तसाच आकडा मी फोनवरून कळवला. दुसऱ्या दिवशी बाबा आणि दीर एकाच दगडावर शेजारी बसलेले पाहिले तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्या रात्रीपुरता एक जीव मी कागदावर जास्तीचा मारला होता. त्या दोघांची माफी मागितली, आणि तेव्हापासून प्रत्येक नावापुढे पाच गोष्टी लिहितो: वय, घर कोणाचे, सासरचे आणि माहेरचे दोन्ही नाव, हाक मारायचे नाव, आणि हे सांगणारा कोण व त्याचा नंबर. वाडीत ‘बाळ्या’ तिघे असतात आणि ‘आक्का’ चौघी, त्यामुळे नुसत्या हाकेच्या नावावर विसंबू नका.

दुसरी अडचण कोकणाची खास. रेशनकार्डावर सहा नावे असतात, पण त्या रात्री घरात तिघेच असतात. थोरला विरारला, धाकटा कळंबोलीला, नात आश्रमशाळेच्या वसतिगृहात. कार्ड किंवा मतदारयादी धरून बेपत्तांची संख्या काढली तर ती फुगते. उलटही होते. गणपतीच्या दिवसांत किंवा मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, ते कुठल्याच गावयादीत नसतात. रत्नागिरीकडच्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेले कितीतरी जण काम करतात. त्यांच्यासाठी विचारायला येणारा नातेवाईक जवळ नसतो, म्हणून ते मोजणीतून सहज निसटतात. बागमालकाला, तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला), ठेकेदाराला मुद्दाम विचारा: तुमची कामाची माणसे किती होती, त्यातली किती समोर आहेत?

यादी तयार झाली की एका जाणत्या माणसाला, शक्यतो अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना, मोठ्याने वाचून दाखवा. घराघरातली माणसे त्यांना जितकी ठाऊक, तितकी कुठल्याच दप्तराला नाहीत.

कोणाचा आकडा धरायचा

एकाच संध्याकाळी तहसील कार्यालय 11 सांगते, रुग्णालय 9 सांगते, एनडीआरएफचा (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा) जवान 7 सांगतो आणि गाव 15 सांगते. यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. एनडीआरएफ आपण बाहेर काढलेले मृतदेह मोजते. त्यांच्या आधी गावकऱ्यांनी काढलेले त्यात नसतात. रुग्णालय दारात आलेले मोजते. गाव बेपत्तांनाही धरते. हे आकडे एकमेकांत मिळवू नका, ते एकाच माणसांची वेगवेगळ्या दारातून केलेली मोजणी आहे.

अधिकृत म्हणून जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा आकडा धरा आणि वेळेसकट लिहा. तो मागे राहतो, कारण त्याच्यापाशी पोहोचण्याआधी कागद तयार व्हावा लागतो. मृतदेह मिळाला की पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, मरणोत्तर पंचनामा होतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली), मग शवविच्छेदन, मग ओळख. गावाचा आकडा पुढे आणि कक्षाचा मागे असेल, तर दोन्ही द्या आणि कोणता कोणाचा ते सांगा.

समुद्र आणि खाडी असेल तर

दरडीत माणसे एका जागी असतात. पाण्यात तसे नसते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. नंतरच्या दिवसांत मृतदेह मिळाले ते पार बाणकोट खाडीच्या मुखापुढे, हरिहरेश्वर, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर. घटना रायगड जिल्ह्यातली आणि आंजर्ले रत्नागिरी जिल्ह्यात. एकच मृतदेह दोन जिल्ह्यांच्या हिशेबात चढू शकतो, किंवा दोघांनी एकमेकांवर सोडला तर कुठेच चढत नाही. म्हणून किनाऱ्यावर मृतदेह मिळाला की वहीत दोन जागा लिहा: कुठे मिळाला आणि कुठल्या घटनेतला असल्याची शक्यता आहे. ओळख पटेपर्यंत तो ‘अनोळखी मृतदेह’ आहे. समुद्रात त्या आठवड्यात दुसरेही अपघात झालेले असू शकतात.

मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा तराफा बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रात बुडाला. त्यावर 261 माणसे होती, सत्तरहून अधिक गेली. काही मृतदेह रायगडच्या किनाऱ्याला लागले, काही गुजरातच्या. चेहऱ्यावरून ओळख पटेना तेव्हा डीएनए तपासणी करावी लागली. अशा वेळी अंगावरचा कपडा, करदोरा, ताईत, गोंदण यांचे बारीक वर्णन ज्याने टिपलेले असते, तोच घरच्यांच्या कामी येतो.

मच्छीमार बोट हरवली तर बोटीच्या नावावर जाऊ नका, खलाशांची नावे मिळवा. बोट निघताना घेतलेल्या टोकनच्या नोंदीत असतील ती आणि मालकाने तोंडी सांगितलेली, दोन्ही ताडून पाहा. आयत्या वेळी बदली खलाशी चढलेला असतो. 11 नोव्हेंबर 2009 चे फयान वादळ ज्यांना आठवते त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा दोन-दोन दिवस कोण कुठल्या बंदराला लागला हेच कळत नव्हते. दुसऱ्या बंदरात आसरा घेतलेला माणूस बेपत्ता नव्हे, पण तो तिथे आहे असा फोन येईपर्यंत बेपत्ताच.

आपत्तीमुळे की आपत्तीच्या काळात?

पुरात वाहून गेलेला मृतांत धरायचा यात वाद नाही. पण पूर ओसरल्यावर चिखल काढताना विजेचा धक्का बसून गेलेला? वादळानंतर कौले शाकारताना पडलेला? रस्ता बंद म्हणून बाळंतपणाला वेळेत न पोहोचलेली? जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा तिथल्या एका कोविड रुग्णालयातले आठ रुग्ण त्या काळात गेले. पुरामुळे वीजपुरवठा तुटला होता. हे पुराचे मृत्यू की आजाराचे, यावर वाद झाला.

आपत्तीच्या थेट तडाख्याने झालेला तो प्रत्यक्ष मृत्यू आणि तिने घडवलेल्या परिस्थितीमुळे झालेला तो अप्रत्यक्ष. सरकारी आकडा बहुतेक प्रत्यक्षाचाच असतो. अप्रत्यक्ष किती मोठे असू शकतात हे पोर्तो रिको बेटाने दाखवले. सप्टेंबर 2017 मधल्या मारिया चक्रीवादळात तिथला अधिकृत आकडा बरेच महिने 64 होता. मग नेहमीच्या वर्षी त्या महिन्यांत किती मृत्यू होतात आणि त्या वर्षी किती झाले, हा फरक अभ्यासकांनी काढला. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने 2,975 हा आकडा मान्य केला. वीज नाही, औषध नाही, डायलिसिस नाही, अशी ती मरणे होती.

गावपातळीवर आपल्याला असा अभ्यास जमणार नाही. पण पाचवा रकाना जमेल: ‘नंतर, आपत्तीच्या परिणामाने’. त्यात नाव, तारीख आणि काय झाले ते एका ओळीत लिहा. तो मुख्य आकड्यात मिळवू नका, पण फेकूनही देऊ नका. मदत मागताना हीच ओळ पुढे ठेवता येते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मृताच्या वारसाला 4 लाख रुपये आहेत, आणि त्यासाठी मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कारण कागदावर कसे लिहिले गेले यावर त्या घराचे पुढचे वर्ष अवलंबून असते.

बेपत्ता कधी मृत होतो

मनाने आपण आठवड्याभरात मानतो. कायदा मानत नाही. सात वर्षे ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना लागली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. हे पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. पण मोठ्या आपत्तीत घरच्यांना सात वर्षे थांबवत नाहीत. 2013 च्या केदारनाथ प्रलयानंतर केंद्राने खास पद्धत घातली: चौकशी, तात्पुरती यादी जाहीर करणे, 30 दिवस हरकतींची वाट आणि मग मृत्यूचा दाखला. महाडजवळच्या तळियेत 22 जुलै 2021 ला दरड आली. तिथेही शोध थांबवल्यावर न सापडलेल्यांना मृत धरण्यात आले. घरच्यांनीच विनवले होते की आता उकरू नका.

म्हणून घरच्यांना सांगा: पोलिसांत बेपत्ताची तक्रार पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि तिची प्रत जपा. पुढचा प्रत्येक कागद त्या प्रतीवर उभा राहतो. साधारण मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. उशीर झाला तरी होते, पण विलंब शुल्क, परवानगी, स्वसाक्षांकित कागदपत्र, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशा पायऱ्या वाढत जातात.

लिहिताना

‘दरडीत 30 ठार, आकडा वाढण्याची भीती’ असे मी आता लिहीत नाही. असे लिहितो: ‘मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत वाडीतून 12 मृतदेह काढण्यात आले, त्यातल्या 9 जणांची ओळख पटली. 18 जण बेपत्ता आहेत. जखमी 6. ही माहिती जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाची.’ लांब झाले, पण ते वाचून कोणाच्या घरात विनाकारण दिवा विझत नाही.

‘शेकडो गाडले गेल्याची भीती’ ही ओळ तर ग्रुपवर टाकूच नका. वाडीत माणसे किती होती हे विचारले असते तर शेकडा भरलाच नसता. अंदाज द्यायचाच असेल तर कोणाचा आणि कशावरून ते लिहा. ‘किमान 12’ म्हणजे बारांची खात्री आहे. ‘सुमारे 12’ म्हणजे बारांचीही नाही. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. मृतदेहांचे फोटो टाकू नका, आणि घरच्यांना कळण्याआधी नाव तर अजिबात नाही.

आकडा खालीही येतो, हे सांगायला लाजू नका. 14 चे 13 झाले तर जुना संदेश नुसता पुसू नका, खाली लिहा: ‘काल एक नाव दोनदा धरले गेले होते, दुरुस्ती करत आहोत.’ जुने अपघात लिहिताना तर एकच आकडा ठामपणे लिहायची सवय सोडा. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, तिच्यातल्या मृतांचा आकडा आजही ठिकठिकाणी वेगळा सापडतो, पण सहाशेच्या खाली कुणी येत नाही. तिथे ‘सहाशेहून अधिक’ हेच लिहिणे खरे.

शेवटी ती वही. बातमी कचेरीत दिली की ती माझ्या कपाटात पडून राहील, म्हणून यादीच्या तीन प्रती काढतो. एक तलाठी कार्यालयाला, एक ग्रामपंचायतीला, एक वाडीतल्या ज्या घरात माणूस वाचले त्या घरात. बेपत्तांच्या नावांपुढे जागा रिकामी सोडतो. दोन पावसाळे गेल्यावर कधी नदीच्या काठी काही मिळते, कधी फोन येतो, आणि त्या रिकाम्या जागेत तारीख घालायला कोणीतरी ती प्रत घेऊन येते.